शिक्षणपरिषदा आणि लोकशिक्षण, सातारा व सांगली जिल्ह्यांतील

शिक्षणविषयक प्रश्नांचा विचारविनिमय करण्यासाठी शिक्षक, शिक्षणशास्त्रज्ञ, शासनाचे प्रतिनिधी व लोककार्यकर्ते यांनी एकत्र येऊन भरविलेल्या सभेस शिक्षणपरिषद असे म्हणतात. अशा परिषदा स्थानिक, प्रांतिक, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या असतात. परिषदेचे प्रत्यक्ष फलित म्हणजे तिने संमत केलेले ठराव वा तीत वाचलेले निबंध. तथापि शिक्षणाच्या इतिहासात परिषदेचे मूल्यमापन करताना ठरावानंतर किती शाळा निघाल्या, त्या कोणासाठी निघाल्या व किती काळ टिकल्या, हेही पाहावे लागते. या दृष्टीने महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कराडजवळच्या एका खेड्यात १९१९ मध्ये भरलेल्या परिषदेतून येथे एक मोठी शिक्षणसंस्था उदयास आली. वर्धा, कराची, जॉमटिएन इ. ठिकाणच्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांनी पुढे जे प्रश्न हाती घेतले, त्यांपैकी काहींची उत्तरे या भागात आधीच शोधली जात होती.

आज स्वतंत्र असलेले हे दोन जिल्हे पूर्वी बव्हंशी एकच होते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि दक्षिण भागात सांगली, मिरज इ. विलीन संस्थानांचा प्रदेश समाविष्ट करण्यात आला. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या घटनांच्या संदर्भात या दोहोंचा विचार एकत्रच करणे इष्ट ठरते.

पूर्वपीठिका : साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह (कार. १८०८–३९) यांनी आपल्या राज्यात विद्येस उत्तेजन दिले व शाळा काढली. राज्य खालसा झाल्यावर (१८४८) शिक्षणाची सूत्रे ब्रिटिश शिक्षणखात्याकडे गेली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शैक्षणिक विचारांत या भूमीशी संबंधित व्यक्तींचा वाटा मोठा आहे. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे घराणे मूळचे कटगुणचे. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांचा जन्म खंडाळा तालुक्यातील नायगावचा. तर गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांचा कराडजवळील टेंभू येथील. या तिघांचेही मुख्य कार्य पुण्यात झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्या काळी विद्येची साधने शहरांत एकवटली होती व खेड्यातील होतकरू माणसास गाव सोडावे लागत असे.

भारतीय शिक्षण आयोगासमोर (हंटर आयोग) १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेल्या निवेदनात फुले यांनी या विषमतेवर नेमके बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमांतून उभा राहतो. पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मुख्यत्वे वरिष्ठ वर्गांस मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशाही सूचना त्यांनी केल्या. आयोगाच्या शिफारशींनी सक्तीचा प्रश्न सुटला नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. तत्पूर्वी विविध जातिजमातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहे स्थापन करविली होती. खेड्यातील मुलाला शहरातील शाळा खुली असून भागत नाही. त्याच्या निवासाची व जेवणाची सोय व्हावी लागते, हे या वसतिगृहांनी दाखवून दिले.

शाळा खुली असणे व शिक्षण खुले असणे यांतील अंतर साताऱ्यातच एका विद्यार्थ्याच्या अनुभवातून स्पष्ट होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत (नंतरचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे व पाण्यासाठी शिपायावर अवलंबून राहावे लागे, हे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा प्रवेशदिन ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचे ठरविले. शाळेच्या नोंदवहीत त्या मुलाला स्थान मिळाले होते. पंक्तीत मात्र मिळाले नव्हते. पुढील दोन दशकांत या भागातील कार्यकर्त्यांपुढे हाच प्रश्न होता.

काले येथील परिषद : फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सातारा जिल्ह्यात मोठा प्रसार झाला. जलसे, सभा व परिषदा ही त्याच्या प्रचाराची साधने होती. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये भरलेल्या समाजाच्या परिषदेत बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी संस्था काढावी, असा विचार मांडण्यात आला आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे ४ ऑक्टोबर रोजी, काले येथेच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे होत. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला; त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासंबंधीच्या समारंभास ते उपस्थित राहिले व नंतर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. तत्पूर्वी १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही आपल्या अधिवेशनांतून शिक्षण व वसतिगृहे यांचा पुरस्कार केला होता. तथापि एका समाजापुरती मर्यादित असलेली सोय भाऊरावांना अपुरी वाटली. १९१० मध्ये मिरजजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने सुरू केलेले विद्यार्थी आश्रम हा त्यांचा पहिला प्रयोग होय. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून त्यांनी खेडोपाडी भ्रमंती केली. तीमुळे शेतकऱ्याचे घर, त्याचे कर्ज व त्याच्या मुलांची स्थिती यांची त्यांना प्रत्यक्ष माहिती झाली.

काले येथील परिषदेचे वेगळेपण तिच्या उद्दिष्टांत दिसते. मागासलेल्या वर्गांत विद्येची गोडी उत्पन्न करणे, गरीब विद्यार्थ्यांना शक्यतो मोफत शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढविणे, अनिष्ट रूढींना फाटा देणे आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी व उद्योगशील बनविणे, ही संस्थेची उद्दिष्टे ठरली. परीक्षांतील यश वा सरकारी नोकरी यांचा त्यांत उल्लेख नाही. ठराव व कृती यांत कालाचे अंतरही फारसे राहिले नाही : काले येथे लगेच वसतिगृह सुरू करण्यात आले.

याच वर्षी, १९१९ मध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने (स्था. १८८४) सांगली व मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. आगरकर ज्या संस्थेचे एक संस्थापक होते, तिने त्यांच्या जन्मप्रदेशाच्या दक्षिणेस उच्च शिक्षणाची सोय केली, ही घटनाही महत्त्वाची आहे. प्रवासवर्णनकार गो. चि. भाटे, कन्नड कवी वि. कृ. गोकाक यांसारख्या विद्वानांचा या महाविद्यालयाशी संबंध आला व दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या दोन्ही भागांतील विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला. एकाच जिल्ह्याच्या परिसरात एकाच वर्षी उगम पावलेल्या या दोन संस्था दोन वेगळ्या दिशा दर्शवितात. विलिंग्डनने शिकलेल्या मुलास पुढचे दार उघडून दिले. रयतने न शिकलेल्या मुलास पहिल्या दारापर्यंत आणले. त्या परस्परविरोधी होत्या असे म्हणता येणार नाही. कारण पहिल्या दारातून आत आलेल्या मुलालाच पुढे दुसऱ्या दाराची गरज भासते.

परिषदेच्या ठरावाने परिस्थिती एकदम पालटली नाही, हेही नमूद केले पाहिजे. १ ऑगस्ट १९२० रोजी, म्हणजे संस्थेच्या स्थापनेनंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. मराठीतील या श्रेष्ठ लेखकास औपचारिक शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही. काल्यापासून फार दूर नसलेल्या या गावी दलित मुलाची शाळा जेमतेम सुरू होऊन सुटली. एका भागातील परिषद व त्याच भागातील मूल यांच्यामधील हे अंतर शिक्षणाच्या इतिहासकाराने विसरता कामा नये.

साताऱ्याचे वसतिगृह : १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले. तेथे सुरू झालेल्या वसतिगृहास २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेत वाढलेल्या या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान इ. सर्व समाजांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवत. साताऱ्याच्या शाळेत १९०० मध्ये निर्माण झालेल्या प्रश्नाचे हे त्याच गावाने दिलेले उत्तर होय. गांधींनी या प्रयोगाचे कौतुक केले आणि हरिजन सेवा निधीतून त्यास वार्षिक पाचशे रुपयांचे साहाय्य मिळू लागले.

वसतिगृहाचा आर्थिक पाया तीन गोष्टींवर आधारलेला होता : गावोगावी जमविलेले धान्य, विद्यार्थ्यांचे श्रम व संस्थाचालकांचा त्याग. सुगीच्या दिवसांत कार्यकर्ते गावांतून धान्य गोळा करीत. मुले शेतात, बागेत व बांधकामावर काम करीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी वेचले. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात सामावून घेतले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये सवर्ण व अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या सहजीवनासाठी पुणे येथे ‘युनियन बोर्डिंग हाउस’ काढण्यात आले. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ (नंतरचे महात्मा फुले अध्यापक विद्यालय) सुरू झाले. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, ही फुले यांची १८८२ मधील सूचना अशा रीतीने साताऱ्यात प्रत्यक्षात आली.

वर्धा परिषद व साताऱ्याचा प्रयोग : २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने या उत्पादनातून निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव तीत संमत झाले. डॉ. झाकीर हुसेन समितीने त्यांच्या आधारे मूलोद्योगी (बुनियादी) शिक्षणाची योजना तयार केली.

श्रमास शिक्षणात स्थान देण्याच्या बाबतीत वर्धा योजना व साताऱ्याचा प्रयोग यांत साम्य दिसते. पण त्यांची प्रेरणा वेगळी आहे. वर्धा योजनेत हस्तव्यवसाय हे अध्यापनाचे माध्यम होते : सूत कातताना गणित, भूगोल व इतिहास शिकविणे अभिप्रेत होते. साताऱ्यास मुलाने केलेले काम हे प्रामुख्याने त्याच्या जेवणाचे व निवासाचे मोल होते; वर्गातील अभ्यासक्रम इतर शाळांसारखाच राहिला. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने वर्धा योजना अधिक मूलगामी होती. तथापि देशात ती पुढे क्षीण झाली व साताऱ्याची ‘कमवा व शिका’ योजना टिकली. पालकांची मानसिकता हे याचे एक प्रमुख कारण दिसते. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राबणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मुलाने शाळेत पुन्हा तेच शिकावे असे वाटत नव्हते. शिकण्यासाठी मुलाने राबावे, हे मात्र त्यास समजत होते. साताऱ्याच्या प्रयोगाने श्रम व पुस्तकी विद्या यांचा मेळ घातला. पुस्तकी विद्येचा हक्क त्याने श्रमिकांच्या मुलांपासून काढून घेतला नाही.

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानातही याच काळात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधी व मॉरिस फ्रिडमन यांच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तीत ग्रामपंचायतीस पायाभूत स्थान देण्यात आले व साक्षरतेस नागरिकत्वाच्या जबाबदारीशी जोडण्यात आले. आटपाडीसारखा दुष्काळी भाग याच संस्थानात होता. तेथील शंकरराव खरात हे दलित समाजातील लेखक पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वाई येथे नारायणशास्त्री मराठे (केवलानंद सरस्वती) यांच्या प्राज्ञपाठशाळेने (१९१६) प्राचीन शास्त्रांच्या अध्ययनास धर्मसुधारणेची जोड दिली. विनोबा भावे व लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे अध्ययन तेथे झाले. मराठी विश्वकोशाचे कार्यही पुढे वाईहूनच सुरू झाले.

शाळांचा विस्तार : १९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर, शाळा नसलेल्या खेड्यांत स्वयंसेवी प्राथमिक शाळा काढण्यास सरकारी साहाय्य मिळू लागले. रयत शिक्षण संस्थेने या संधीचा लाभ घेऊन पाचशेहून अधिक ‘व्हॉलंटरी’ शाळा काढल्या. देवळात, चावडीत वा झाडाखाली भरणाऱ्या या शाळा पुढे जिल्हा शाळामंडळांकडे सोपविण्यात आल्या. १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल हे स्वावलंबनावर आधारलेले निवासी माध्यमिक विद्यालय, १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय, १९५४ मध्ये कराड येथे सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय व १९५५ मध्ये साताऱ्यास शिक्षकांसाठी आझाद अध्यापन महाविद्यालय अशी वाढ होत गेली. गांधींच्या हत्येनंतर (१९४८) त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी झालेल्या मतभेदामुळे संस्थेचे अनुदान काही काळ रोखले गेले. पण लोकवर्गणीच्या बळावर संस्था तगली व पुढे अनुदान पूर्ववत झाले. सरकारी साहाय्य घेणारी संस्था सरकारपासून कितपत स्वतंत्र राहू शकते, हा प्रश्न या प्रसंगाने पुढे आला. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट्. मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

इतर संस्थांनीही या काळात मोठे कार्य केले. १९४५ मध्ये राजारामबापू पाटील यांनी वाळवा तालुक्यात कासेगाव एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालय (स्था. १९४७, १९५५ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) व मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) यांमुळे व्यावसायिक शिक्षण जवळ आले. देवराष्ट्रे (सध्या सांगली जिल्हा) येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी देण्याची योजना १९५९ मध्ये सुरू झाली. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने ‘कमवा व शिका’ योजना स्वीकारली. भाऊरावांचे विद्यार्थी बॅ. पी. जी. पाटील हे पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आंतरराष्ट्रीय परिषदांची पार्श्वभूमी : जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाने (स्था. १९२५) १९३४ पासून सार्वजनिक शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरविण्यास प्रारंभ केला. पहिल्याच परिषदेत सक्तीचे शिक्षण व शाळा सोडण्याची वयोमर्यादा वाढविणे हा विषय होता. यूरोपात मुलाने शाळेत किती वर्षे राहावे याची चर्चा होत असता सातारा जिल्ह्यातील अनेक खेड्यांत शाळाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर या परिषदांत यूनेस्कोचा सहभाग आला. आशियातील देशांच्या प्रतिनिधींची १९५९-६० च्या हिवाळ्यात कराची येथे यूनेस्कोने घडवून आणलेली बैठक विशेष महत्त्वाची होय. किमान सात वर्षांचे सार्वत्रिक, मोफत व सक्तीचे शिक्षण १९८० पर्यंत साध्य करावे, असे लक्ष्य तीत ठरविण्यात आले. भारतीय संविधानाने १९५० पासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय करण्याचे निदेशक तत्त्व सांगितले होते. दोन्ही मुदती उलटून गेल्या. ५ ते ९ मार्च १९९० या काळात थायलंडमधील जॉमटिएन येथे भरलेल्या जागतिक परिषदेने ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही घोषणा केली व २००० हे वर्ष लक्ष्य ठरविले. २००० मधील डाकार परिषदेने ही मुदत २०१५ पर्यंत वाढविली. भारतात २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. फुले यांच्या निवेदनानंतर त्यास १२७ वर्षे लागली.

या परिषदांचा व सातारा-सांगलीच्या प्रयोगाचा तुलनात्मक विचार केल्यास एक भेद स्पष्ट होतो. आंतरराष्ट्रीय परिषदांनी लक्ष्य व मुदत ठरविली; पण प्रत्येक गावातील शाळेचा खर्च कोण करणार, हे त्यांना ठरविता आले नाही. काले येथील परिषदेने मुदत ठरविली नाही. गावाकडून धान्य, मुलाकडून श्रम व कार्यकर्त्याकडून आयुष्य मागितले. उलटपक्षी, लोकवर्गणीवर चालणारी संस्था जेथे कार्यकर्ते असतील तेथेच पोहोचते. प्रत्येक मुलाची हमी केवळ कायद्यानेच देता येते. शासनाचे उत्तरदायित्व व लोकांचा पुढाकार यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.

परिषदांचे अलीकडील स्वरूप : १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्याच वर्षी वाळवा तालुक्यात राजारामनगर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. मुलांना पुण्या-मुंबईस न जाता उच्च शिक्षण घेता येऊ लागले. पण शुल्काचा भार पालकांवर पडला. धान्य देऊन शाळा चालविणाऱ्या प्रदेशात जमीन विकून शुल्क भरण्याची वेळ काही कुटुंबांवर आली, ही या धोरणाची दुसरी बाजू होय.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची स्थापना (१९९४) आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१० चे विनियम यांमुळे महाविद्यालयांतील चर्चासत्रांना वेगळे महत्त्व आले. परिषदेत निबंध वाचल्याबद्दल अध्यापकास बढतीसाठी गुण मिळू लागले व परिणामी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषदांची संख्या ग्रामीण महाविद्यालयांतही वाढली. २०२० च्या करोना साथीत दूरस्थ चर्चासत्रांमुळे परदेशी अभ्यासकांचा सहभाग सुलभ झाला. तालुक्याच्या गावातील अध्यापकास दूरच्या विद्वानांशी संवाद साधता यावा, हा यातील मोठा लाभ होय. मात्र गुणांसाठी लिहिलेला निबंध बहुधा इंग्रजीत असतो व इतिवृत्ताच्या खंडातच राहतो. ज्या प्राथमिक शिक्षकाच्या वर्गाविषयी तो लिहिलेला असतो, त्याच्यापर्यंत तो मराठीत क्वचितच पोहोचतो. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांवर येणाऱ्या मुलांचे शिक्षण हा अनेक निबंधांचा विषय होऊ शकतो. पण हंगामाच्या काळात त्यांची शाळा सलग चालणे हे त्या निबंधाचे खरे फलित मानावे लागेल.

२०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के व सांगलीचे सुमारे ८१ टक्के होते. २०२१ मध्ये सातारा येथे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. काले येथे एका वसतिगृहाने आरंभ झालेल्या संस्थेच्या महाविद्यालयांतून विद्यापीठ निर्माण होण्यास १०२ वर्षे लागली. या दीर्घ कालखंडात अनेक परिषदा झाल्या. त्यांपैकी ज्यांच्या ठरावांना सभा संपल्यावर कोणीतरी स्वतःचे काम मानले, त्यांचेच परिणाम टिकले. म्हणून शिक्षणपरिषदेच्या यशाची अखेरची कसोटी इतिवृत्ताच्या पृष्ठसंख्येत नसून, तिच्यानंतर शाळेच्या पटावर व जेवणाच्या पंक्तीत नव्याने आलेल्या मुलांमध्ये आहे, असे म्हणता येईल.